कुबट पुस्तके रद्दीत देऊ नका

महोदय,

दसरा-दिवाळीच्या सफाईत गावोगावच्या ग्रंथालयांत पावसाळाभर बंद असलेली लोखंडी कपाटे उघडतात आणि कुबट वासाचा भपकारा येतो. मग कपाटात डांबरगोळ्या टाकल्या जातात, नाहीतर पुस्तके रद्दीत जातात. दोन्ही थांबवावे, ही कळकळीची विनंती.

हा वास जुन्या कागदाचा नव्हे. जुन्या कागदाचा वास गोडसर असतो. कुबट वास बुरशीचा. आर्द्रता बरेच दिवस 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बांधणीतल्या खळीवर, पुठ्ठ्यावर बुरशी धरते आणि कोकणात पावसाळाभर हवा त्याहून दमट असते. डांबरगोळी कसरीला दूर ठेवते, पण ओल शोषत नाही. शिवाय तिची वाफ वाचकाच्या नाकात जाते, ते वेगळेच.

सिलिका जेलवरही भिस्त नको. ते स्वतःच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके पाणी धरते. पावसाळा सोसलेल्या 50 किलो पुस्तकांतून मात्र दीड-दोन किलो पाणी निघावे लागते. अर्धा किलो जेल तिथे काय पुरणार? आधी पुस्तके सुकवावीत. कोरड्या दिवशी, सावलीत, पाने मोकळी करून पुस्तके टेबलावर उभी ठेवावीत आणि पंखा मंद सोडावा. दोन-तीन दिवस लागतात. कडक उन्हात घालू नयेत. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो, सरस सुटतो.

बुरशीचे ठिपके ओले असताना पुसले तर डाग कागदात मुरतो. पूर्ण वाळल्यावर उघड्यावर, एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने बांधणीकडून बाहेरच्या बाजूला झाडावे. दमा असलेल्या कर्मचाऱ्याला हे काम मुळीच देऊ नये. एवढे करूनही वास उरला तर झाकणाच्या मोठ्या डब्यात खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी आणि शेजारी पुस्तक, असे आठवडाभर ठेवावे. सोडा पानांना लागता कामा नये.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असावे, पुस्तके कोंबलेली नसावीत. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर खडखडीत वाळलेला. हिरवा पाला कपाटात ओलच घालतो. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, तो प्रत्येक ग्रंथालयाने घ्यावा. बाहेर पाऊस असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या सताड उघडल्या जातात, तेव्हा त्याचा काटा चढताना दिसेल.

– काही ग्रंथालय कर्मचारी, सिंधुदुर्ग