कराची दोनदा जळली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

४ डिसेंबर आला की वर्तमानपत्रांत नौदल दिनाचे लेख येतात आणि १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची उजळणी होते. निर्घात, निपात, वीर ही नावं आमच्या पिढीला तोंडपाठ. त्याचा अभिमान मलाही आहे. हे पत्र मात्र कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्याबद्दल आहे. तो ८ मे २०२५ च्या रात्री झाला, आणि फक्त टीव्हीवर झाला.

मी मुलुंड कॉलनीत राहते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहे. शेजारी मोठा टीव्ही आहे म्हणून त्या रात्री अख्खा मजला तिथे जमला होता. पडद्यावर लाल अक्षरं, मागे भोंगा, आणि निवेदक घसा फाडून सांगतोय की विक्रांतने कराची बंदर उद्ध्वस्त केलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी फ्रीजमधून आइस्क्रीम काढलं. त्या घरातल्या आजी ८५ वर्षांच्या, सिंधी, जन्म कराचीचा. फाळणीनंतर बोटीने मुंबईला आल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. ऐकू कमी येतं. त्यांनी नातवाला विचारलं, "कियामारी भी?" कियामारी म्हणजे तिथल्या बंदराचा भाग, त्या बोटीत चढल्या तो. नातू म्हणाला, "सब गया दादी, सब," आणि आइस्क्रीमची वाटी पुढे केली. आजींनी ती परत केली. शुगर आहे म्हणाल्या. त्यांना शुगर नाही.

सकाळी कळलं, कराचीला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही पाहत होतो त्या वाहिनीने माफी सोडाच, पुन्हा विषयही काढला नाही. पण वाहिनीला नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. मला खटकलं ते वेगळंच. आमच्या मजल्यावर कुणाला फसवलं गेल्याचा रागसुद्धा आला नाही. जाहिरातीतलं तेल लावून केस उगवले नाहीत तरी माणूस दुकानदाराशी चार शब्द भांडतो.

१९७१ मध्ये मी बारा वर्षांची होते, माझगावच्या चाळीत. काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची. एखाद्या फटीतून उजेड दिसला की खालून वॉर्डन शिटी फुंकायचा आणि मजला, खोली नंबर पुकारायचा. चाळीपुढे शोभा! आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचा मुलगा नौदलात होता. कराचीची बातमी रेडिओवर आली तेव्हा काकूंनी स्वतः दारोदार साखर वाटली. मग ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परत आले नाहीत. काकूंच्या मुलाची नोव्हेंबरात बदली झाली होती आणि नव्या जहाजाचं नाव कळवणारं पत्र आलेलं नव्हतं. काकू रोज डॉकयार्डच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या, माझी आई सोबतीला. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैद्यांचा आकडा आला, चाळीच्या चौकात फटाके फुटले. पोरं काकूंना बोलवायला वर गेली. काकूंनी कडी काढली नाही. मुलगा सुखरूप असल्याचं पत्र पुढे आलं. तेव्हा साखर वाटली नाही त्यांनी.

काकू युद्धाच्या विरोधात होत्या असं कुणी समजू नये. तसं कुणी म्हटलं असतं तर त्यांनीच त्याला झाडलं असतं. पण त्या गॅलरीत जिंकल्याचा आनंद आणि पोटातला गोळा शेजारीशेजारी होते, आणि एकाला दुसऱ्याची लाज राखावी लागत होती.

आपल्या लोकांना युद्ध आवडतं असं म्हणणारे विद्वान आणि आपण मुळातच शांतताप्रिय असं म्हणणारे पुढारी, दोघांचंही मला पटत नाही. आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यातली तीन आमच्याच लाइनवरच्या डोंबिवलीची. याला उत्तर मिळायलाच हवं असं मलाही वाटत होतं. पण १० मेला शस्त्रसंधी झाली आणि सोमवारी महिला डब्यात जे ऐकलं तो राग नव्हता. रागावलेलं माणूस विचारेल, ते मारेकरी सापडले का? हे कुणीच विचारत नव्हतं. विचारत होत्या, "लाहोर का सोडलं?" पुढे २८ जुलैला सैन्याने त्या मारेकऱ्यांना श्रीनगरजवळ टिपलं. खरा हिशोब त्या दिवशी झाला. आमच्या मजल्यावर त्या दिवशी फ्रीज कुणी उघडला नाही.

राग समजतो, मजा समजत नाही. मजा येते कारण आपल्याकडे कुणी काही मागत नाही. १९६२ मध्ये माझ्या आईने संरक्षण निधीत एक पाटली दिली होती. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारचं एक जेवण सोडायला सांगितलं, तर आमच्याकडे ती चूल पुढे बरीच वर्षं सोमवारी रात्री पेटली नाही. (भूक लागायची. आई म्हणायची, पाणी पी.) आणि २०२५ च्या मे महिन्यात मुंबईने काय सोसलं? क्रॉस मैदानात नागरी संरक्षणाचा एक सराव झाला, आयपीएल आठवडाभर थांबली आणि १७ तारखेला पुन्हा सुरू झाली. तिकडे पूंछमध्ये तोफगोळ्यांखाली घरं पडली, लेकरं गेली. ज्याच्या आईवडिलांनी घाटकोपरला मोलमजुरी केली असा एक तरुण अग्निवीर नियंत्रण रेषेवर कामी आला. मुलुंडहून घाटकोपर गाडीने पाव तास.

भोंग्याचंही तेच. वाहिन्यांनी तो इतका वाजवला की शेवटी केंद्र सरकारला लेखी कळवावं लागलं, कार्यक्रमांत नागरी संरक्षणाचा भोंगा वापरू नका, लोक खऱ्या भोंग्यालाही दाद देईनासे होतील. सरावाच्या दिवशी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, खरंच भोंगा झाला तर आपण जायचं कुठे? ते म्हणाले, "गच्चीवर. तिथून सगळं दिसेल." ते चेष्टा करत नव्हते.

म्हणून आपल्याला एक विनंती. नौदल दिनाचे लेख जरूर छापा, पण त्यांच्या शेजारी एक चौकट द्या: नागरी संरक्षण दलात नाव कुठे नोंदवायचं, प्रशिक्षण कुठे आणि कधी असतं, वयाची अट काय, आणि भोंगा झाल्यावर चाळीतल्या, टॉवरमधल्या, झोपडपट्टीतल्या माणसाने नेमकं करायचं काय. मी आणि माझी एक मैत्रीण जायला तयार आहोत. वयामुळे घेत नसतील तर निदान जखमेवर पट्टी बांधायला तरी शिकवा म्हणावं.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
मुलुंड, मुंबई