आजीचा गूळ आणि माझी ज्वारी

ब्रिस्बेन, रविवार

ती. आबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

हस्ताचा पाऊस झाला का? वाफसा आला की पेरणीच्या धांदलीत आबा फोन उचलायचे नाहीत, म्हणून पत्रच लिहिते.

परवा ती तीन मिनिटांची स्पर्धा झाली. आपलं पीएचडीचं काम त्या विषयाशी संबंध नसलेल्यांना समजेल असं सांगायचं, पडद्यावर एकच चित्र, आणि वेळ संपल्यावर बोललात की बाद. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला ९ तास लागतील म्हणे! स्पर्धा सुरू झाली २००८ साली, इथल्याच क्वीन्सलँड विद्यापीठात, आणि आबा, तिचं मूळ दुष्काळात आहे. पाणीटंचाईमुळे अंघोळ लवकर उरकावी म्हणून लोक न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचं घड्याळ लावायचे, त्यावरून ही कल्पना निघाली. मंगळवेढ्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला यात काय नवल म्हणा.

पहिला सराव घरातल्या नर्स मैत्रिणीसमोर केला. माझ्या अभ्यासातल्या ज्वारीबद्दल 'स्टे-ग्रीन', 'कॅनोपी', 'टिलरिंग' असं सगळं धाडधाड बोलले. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण झाडं हिरवीच असतात ना?"

मग आबांना फोन केला. मराठीत बोलताना ते शब्द आठवेचनात, त्यामुळे सरळच सांगावं लागलं: या ज्वारीला बुडातून निघणारे फुटवे कमी, वरची पानं लहान, म्हणून कणीस बाहेर पडेपर्यंत ती पाणी कमी ओढते. काळ्या रानातली ओल दाणा भरायला उरते, आणि धाटं शेवटपर्यंत हिरवी दिसतात. आबा लगेच म्हणाले, "म्हंजे तुझी आजी की! दिवाळीचा गूळ श्रावणातच बाजूला काढून ठेवती."

तेच इंग्रजीत सांगितलं. लोक हसले, मान डोलावू लागले. नंबर मात्र आला नाही.

नंतर एका बाईंनी विचारलं, "झाडाला पुढचा दुष्काळ आधीच कळतो का?" तेव्हा चूक कळली. आजी दिवाळी डोळ्यांपुढे ठेवून गूळ लपवते. ज्वारीला असलं काही कळत नाही, तिची पानं मुळात लहान म्हणून ओल उरते. म्हणजे ती ओल 'ठेवत' नाही, ओल 'राहते'. एका क्रियापदाचा फरक, पण सगळी गोम तिथेच आहे. अवघड शब्द काढणं त्या मानाने सोपं, आबा. त्यांच्या जागी बसवलेलं उदाहरण जास्त बोलून जातं, त्याला आवरणं कठीण. पुढच्या वेळी आजीला ठेवेन, फक्त तिची दिवाळी काढून टाकेन.

मालदांडी ज्वारी पेरलीत की कळवा. फुटवे किती येतात तेही मोजून ठेवा, खरंच हवंय.

आणि आई, आजीला यातलं काही सांगू नकोस. सभागृहभर अनोळखी लोकांना तिच्या गुळाचा पत्ता लागलाय.

तुमची,
ताई