आबा, इंजिन भंगारात देऊ नका

लीड्स (इंग्लंड),
१४ सप्टेंबर

ति. आबांस,
सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता, त्यावर तुम्ही आईजवळ म्हणालात, "पोरगी धूर कशाला दाखवायली?" म्हणून हे पत्र. धुराचीच गोष्ट आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

मागच्या दिवाळीत विहिरीवरच्या जुन्या इंजिनासाठी भंगारवाल्याला मीच बोलावलं. विजेची मोटार बसवून इतकी वर्षं झाली, हे धूड कशाला जागा अडवतंय, असं म्हणत किलोचा भावही मीच ठरवला. तुम्ही काही बोलला नाहीत. ताटावरून उठलात आणि विहिरीकडं गेलात. भंगारवाला परत गेला, पण मी जाईपर्यंत तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला होता.

गेल्या रविवारी इथून दीड तासावरच्या एका गावाबाहेर वाफेच्या जुन्या शेतीयंत्रांची जत्रा भरली होती. जत्राच म्हणायची, आपल्या येरमाळ्याच्या यात्रेसारखे पाळणे अन् खाऊची दुकानंसुद्धा होती. सोबतची मैत्रीण पोरांना पाळण्यात बसवायला गेली आणि मी सकाळी आठ वाजता एका इंजिनाजवळ उभी राहिले ती दुपारपर्यंत तिथंच.

ही यंत्रं बटण दाबून सुरू होत नाहीत. मालक पहाटेच येतो, राख काढतो, लाकडाच्या ढलप्यांवर जाळ करतो, मग कोळसा टाकतो. पाणी तापून वाफ धरायला दोन-तीन तास सहज जातात. तोवर माणूस तेलाची बुधली घेऊन एकेका सांध्यात तेल सोडत फिरतो. तुम्ही सकाळी बैलांना पेंड-पाणी करून पाठीवर हात फिरवायचात, तेच. मग चिमणीतून पहिला हुंकार येतो, मोठं चाक अर्धा वेढा घेतं, थांबतं, पुन्हा फिरतं. आबा, खरं सांगते, अंगावर काटा आला. सगळं उघडं असतं. दट्ट्या कुठं जातो, दांडा कसा ओढतो, चाक कुणामुळं फिरतं, हे लहान पोरालाही बोटानं दाखवता येतं. मी दिवसभर ज्या कॉम्प्युटरवर काम करते, त्याच्या आत काय चाललंय हे मला आजपर्यंत दिसलेलं नाही.

एका म्हाताऱ्यानं मला काचेची नळी दाखवली. बॉयलरमधलं पाणी कुठवर आहे हे तिच्यात दिसतं, आणि चालवणाऱ्याचा एक डोळा कायम तिच्यावर असतो. भट्टीच्या माथ्यावर शिसं भरलेला एक बोल्ट असतो. पाणी त्याच्या खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ सुटून खालचा जाळ दबतो. हे झालं नाही तर बॉयलर फुटू शकतो. २००१ साली अमेरिकेत ओहायोतल्या मेडिना गावच्या मैदानावर असंच एक इंजिन फुटलं आणि पाच माणसं गेली. तेव्हा नुसता जुना लाडका ठेवा म्हणून याच्याशी खेळता येत नाही. म्हातारा माझ्याशी बोलत होता, पण नजर नळीवर.

आता तुमच्या कामाचं. नांगरटीसाठी वावराच्या दोन धुऱ्यांवर समोरासमोर दोन इंजिनं उभी करतात. प्रत्येकाच्या पोटाखाली आडवं चाक आणि त्यावर पोलादी तारेचा दोर गुंडाळलेला. मध्ये नांगर. हे इंजिन ओढतं, मग ते ओढतं. शिट्टी वाजली की दुसऱ्यानं समजायचं. मला लगेच आपली मोट आठवली. आज्ज्याचे बैल धावेवर उतरायचे आणि नाडा ताणला जायचा, तसाच इथं दोर ताणला जातो, फक्त विहिरीऐवजी रान. नांगराला दोन्ही तोंडांना फाळ असतात. एक बाजू जमिनीत, दुसरी हवेत. तासाच्या शेवटी वळवायची गरज नाही, वरची बाजू खाली दाबली की परत निघाला.

आणि इतका खटाटोप कशाला, तर इंजिनाचं वजन रानात जाऊ नये म्हणून! ते धूड मऊ जमिनीत उतरलं तर रुतेल आणि खालची माती दाबून टाकेल. तुम्ही दरवर्षी म्हणता ना, "ट्रॅक्टरनं रान दगडावाणी केलं, मूळ खाली जाईना." ही गोष्ट इथल्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वी कळली होती. आपल्या काळ्या चिकट रानात तर ती जास्तच पटायला पाहिजे.

हे यंत्र उभं केलं जॉन फाऊलर नावाच्या माणसानं. १८४९ मध्ये तो आयर्लंडला गेला, तिथला बटाट्याचा दुष्काळ बघितला आणि पडीक जमीन लागवडीखाली आणायची म्हणून यंत्राच्या मागं लागला. त्याचं पहिलं यंत्र कशाचं होतं माहिती आहे? रानातलं पाणी बाहेर काढायचं! जमिनीखाली चर पाडून पाणी काढून देणारं. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडलीत, आणि इथं हा माणूस पाण्यापासून रान वाचवत होता. १८५८ मध्ये वाफेच्या नांगरासाठी त्याला पाचशे पौंडांचं बक्षीस मिळालं, पुढं दोन इंजिनांची ही पद्धत रूढ झाली. तो मात्र १८६४ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला.

त्याचा कारखाना इथंच लीड्समध्ये, हन्सलेट नावाच्या भागात होता. त्याच भागात किटसन नावाचा दुसरा कारखाना होता. आबा, बसून वाचा: १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली तेव्हाची तिची इंजिनं किटसननं बनवलेली! ती अडीच फुटी रुळांची गाडी, जी १९११ ला लातूरला पोचली, जिच्यातून चालत्यात उतरून बोरं वेचून परत चढायचो असं तुम्ही शंभरदा सांगितलंत (मला ती थाप वाटायची), ती माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर जन्मली. मी मुद्दाम जाऊन आले. कारखाने कधीच बंद झाले. मी नुसती फुटपाथवर उभी राहून त्या लाईनवरचं ढोकीचं ठेसन आठवत बसले.

मळणीचं यंत्रही चालू होतं. इंजिनाचा लांब पट्टा लाकडी मळणी यंत्राला लावलेला, वरून पेंढ्या टाकायच्या, एकीकडं दाणे पोत्यात, दुसरीकडं काड. पूर्वी ठेकेदार हा सगळा संच घेऊन शेतोशेत फिरायचे, जसे आता पंजाबचे हार्वेस्टरवाले आपल्याकडं येतात. बघायला बरं वाटतं, पण पट्टा मध्येच उघडा पळत होता आणि मला गावातल्या मळणी यंत्रात हात गेलेले लोक आठवले. हौशी लोक हे फारसं बोलत नाहीत. दिवसभर कुसळं, धूळ आणि काजळी खाणाऱ्यांनी ट्रॅक्टर आल्यावर सुटकेचा श्वास टाकला असणार. दोन-तीन तास वाफेची वाट बघायला कुणाला वेळ होता?

म्हणून ही यंत्रं इथंही भंगारात गेली, ढिगानं. १९५० मध्ये आताच्या ऑक्सफर्डशायरमधल्या एका शेतकऱ्यानं मित्राशी बिअरच्या पिंपाची पैज लावून दोन इंजिनांची शर्यत घेतली, लोक बघायला जमले, आणि तिथून या जत्रांना जोर आला. वाचली ती अशी, पैजेवर. आता तर अडचण कोळशाची आहे. इथली शेवटची खोल खाण, याच यॉर्कशायर भागातली केलिंग्ली, २०१५ मध्ये बंद झाली. कोळशाच्या देशात कोळसा बाहेरून आणून ही माणसं इंजिनाला खाऊ घालतात.

मी त्या म्हाताऱ्याला आपल्या इंजिनाचं सांगितलं. तुम्ही धुराड्यावर पत्र्याचा डबा टांगलात आणि टुकटुक आवाज तीन वावरं ऐकू जायचा, हेही. तो हसला आणि पहिला प्रश्न विचारला: "चाक हातानं फिरतंय का अजून?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून विनंती. इंजिन विकू नका. पाऊस उघडला की दत्तूला घेऊन त्याच्यावरचा पत्रा नीट करा. आत थोडं तेल सोडून दर आठवड्याला चाक अर्धा वेढा फिरवा, म्हणजे दट्ट्या धरणार नाही. नसेल फिरत तर जोर लावू नका, तसंच राहू द्या. दिवाळीत मी येतेय, हॅंडल मी मारीन. भंगारवाल्याला तुम्हीच सांगा, मला लाज वाटते.

इंजिनावरच्या पितळी पट्टीवर जो नंबर आहे तो कागदावर उतरवून दत्तूकडून फोटो पाठवा. आईला नमस्कार, आणि तिला म्हणावं, तीळ-कारळाची चटणी संपली.

तुमची,
सुमन