संप मिटल्यानंतरच्या वर्षांबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संघटनेच्या अंकासाठी नायजेरियातल्या प्राध्यापकांच्या संपावर लिहायला घेतलंस, फार बरं केलंस. मसुदा वाचला. त्यात तू विचारलंयस की २०२२ मध्ये आठ महिने विद्यापीठं बंद राहिली, कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, पालकांनीही सरकारला जाब विचारला, मग एवढं होऊन प्राध्यापकांच्या पदरात इतकं थोडं का पडलं? माझं म्हणणं असं की लोक उभे राहिले ते संप चालू असताना. त्यांची जास्त गरज होती करार झाल्यानंतरच्या वर्षांत, आणि त्या वर्षांत मैदान रिकामं होतं. लेखाचा कणा हाच ठेव.

मुळाशी २००९ चा करार आहे. केंद्र सरकार आणि तिथली प्राध्यापक संघटना एएसयूयू यांच्यात तो झाला. ही संघटना १९७८ पासूनची. करारात वेतनश्रेणी होती, विद्यापीठांना निधी होता, स्वायत्तता होती, आणि दर तीन वर्षांनी फेरविचार करायचं कलमही होतं. म्हणजे २०१२ मध्ये पुन्हा बसायचं होतं. त्याऐवजी वर्षानुवर्षं समित्याच बदलत गेल्या. त्यांचे प्रमुख एकामागून एक: बाबालाकिन, मग मुंझाली जिब्रिल, मग निमी ब्रिग्ज, शेवटी यायाले अहमद. २०२२ चा संप झाला तेव्हाही पगार २००९ च्याच श्रेणीवर होता. २००९ मध्ये एका डॉलरला सुमारे १५० नायरा पडत. २०२२ च्या ऑक्टोबरात खुल्या बाजारात ७०० च्या वर. पगारपत्रकावरचा आकडा तोच, पण बाहेरून येणारं पुस्तक, यंत्राचा सुटा भाग, औषध, सगळं चौपट-पाचपट. 'पगारवाढीसाठी संप' असं तू लिहिलंयस, तिथे हा हिशोब दिलास तर वाचणाऱ्याचं मत बदलेल.

पण पगार हा लोकांना पटवायचा सर्वात अवघड मुद्दा असतो, तिथेही आणि आपल्याकडेही. पटला तो २०१२ चा पाहणी अहवाल. सरकारच्याच समितीनं सार्वजनिक विद्यापीठांची पाहणी केली, तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत बन्सन बर्नरच्या जागी रॉकेलचे स्टोव्ह पेटलेले सापडले. बन्सन बर्नरची ज्योत हवेची झडप फिरवून हवी तशी करता येते. पिवळी केली तर काजळी धरते, निळी केली तर काच स्वच्छ तापते. रॉकेलच्या स्टोव्हवर ते साधत नाही. काचेवर काजळी बसते, आच एकसारखी लागत नाही, ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायचा प्रयोग तर होतच नाही. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो आणि त्यानं तो रंग पाहिलेलाच नसतो. अशी एक गोष्ट लोकांना पगाराच्या दहा तक्त्यांपेक्षा लवकर कळते. वर्गाबाहेर खिडकीशी उभं राहून टिपणं घेणारी मुलं तर त्यांच्या घरातलीच होती.

त्या अहवालावरून २०१३ मध्ये पाच-साडेपाच महिन्यांचा संप झाला आणि डिसेंबरात समझोता झाला: सहा वर्षांत १,३०० अब्ज नायरा. पहिल्या वर्षी २००, पुढची पाच वर्षं २२०-२२०. पहिला हप्ता आला. त्यापुढचे ठरल्याप्रमाणे आले नाहीत. नंतर मिळालं ते वीस-तीस अब्जांच्या तुकड्यांत, तेही बहुधा पुढच्या संपाची नोटीस पडली की. २०१३ चा समझोता वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता, २०१४ चा न आलेला हप्ता कोणत्याच पानावर नव्हता. माझ्या मते सगळं बिनसलं ते इथेच.

संप ठरतो कसा, हेही नीट लिही, कारण मसुद्यात तू तो वरून लादलेला दाखवलायस. प्रत्येक विद्यापीठात शाखेची सभा होते, सदस्य मत देतात, ते मत राष्ट्रीय कार्यकारिणीकडे जातं, तिथे निर्णय होतो. २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीला चार आठवड्यांचा इशारा-संप पुकारला. १४ मार्चला आणखी आठ आठवडे, ९ मे रोजी बारा, १ ऑगस्टला चार, आणि २९ ऑगस्टपासून बेमुदत. अशा तुकड्या-तुकड्यांच्या मुदतवाढीचा फायदा असा की दर वेळी शाखांकडे परत जावं लागतं. तोटा विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. चार आठवड्यांनी उघडेल या आशेवर मुलगा खोली सोडत नाही, आणि तिथे विद्यापीठाबाहेरच्या खोल्यांचं भाडं वर्षाचं आगाऊ भरावं लागतं. आठ महिने कुलूपबंद खोलीचं भाडं बापानं भरलेलं असतं, घरमालक त्यातला एक नायराही परत देत नाही. संघटनेनं सुरुवातीलाच 'इतके महिने लागू शकतात' असं स्पष्ट सांगितलं असतं, तर निदान ते पैसे वाचले असते. संपाच्या बाजूनं लिहितानाही ही चूक दाखवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दुसरा फटका वयाचा. पदवीनंतर एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी लागते, एनवायएससी म्हणतात. पदवी घेताना तिशी उलटलेली असेल तर सेवेऐवजी सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि नोकरी देणारे बरेच जण सेवेचंच प्रमाणपत्र मागतात. २०२० मध्ये नऊ महिने, २०२२ मध्ये आठ, असे सतरा महिने ज्यांच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात आले, त्यांच्यात काही जणांची तिशी वर्गातच उलटली. म्हणून विद्यार्थी संघटनेनं सप्टेंबरात लागोसच्या विमानतळाचा रस्ता अडवला, तेव्हा तो प्राध्यापकांना पाठिंबा होता की विरोध, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना वर्ग उघडून हवे होते. पाठिंबा म्हणून ज्याकडे निःसंशय बोट दाखवता येईल ते २६ आणि २७ जुलैचे मोर्चे: नायजेरिया लेबर काँग्रेसनं आधी राज्याराज्यांत आणि दुसऱ्या दिवशी राजधानी अबुजात काढलेले. त्यात विद्यापीठाशी संबंध नसलेले कामगार होते, ज्यांची मुलं मात्र सरकारी विद्यापीठांतच शिकतात. सरकारी विद्यापीठ बिघडलं की ज्यांना खासगी परवडत नाही त्यांना दुसरी वाटच नसते.

लोकमत वळवणारी आणखी एक गोष्ट त्याच काळात घडली. सरकार म्हणत होतं, प्राध्यापकांचा पगार आयपीपीआयएस या केंद्रीय वेतनप्रणालीतूनच निघेल, कारण तीत पारदर्शकता आहे. संघटनेचा आक्षेप साधा होता. ही प्रणाली सरकारी कारकुनासाठी बेतलेली. सब्बॅटिकलवर, म्हणजे अभ्यासरजेवर, दुसऱ्या विद्यापीठात गेलेला माणूस, दोन ठिकाणी शिकवणारा अभ्यागत प्राध्यापक, निवृत्तीनंतर करारावर ठेवलेला तज्ज्ञ, जादा कामाचा भत्ता, यांतलं काही तीत धड बसत नाही. शिवाय २००३ च्या कायद्यानं दिलेली स्वायत्तता जाते. त्यांनी यूटास नावाची स्वतःची प्रणाली तयार करून दिली. ती सरकारी चाचणीत नापास ठरवली गेली, ते संघटनेनं मान्य केलं नाही. हा वाद सामान्य माणसाच्या डोक्यावरून जात होता. मग मे महिन्यात देशाच्या महालेखापालांनाच सुमारे ८० अब्ज नायरांच्या अपहाराच्या आरोपावरून अटक झाली, आणि ही वेतनप्रणाली त्यांच्याच कार्यालयाची. विद्यापीठांना 'पैसे नाहीत' हे वाक्य त्यानंतर कोणाला पटेना.

तरीही संप न्यायालयात तुटला. सरकारनं प्रकरण राष्ट्रीय औद्योगिक न्यायालयात नेलं, २१ सप्टेंबरला कामावर जाण्याचा आदेश झाला, ७ ऑक्टोबरला अपील न्यायालयानं आधी आदेश पाळा असं सांगितलं, १४ ऑक्टोबरला संप स्थगित झाला. मधल्या काळात, ४ ऑक्टोबरला, कामगारमंत्र्यांनी दोन नव्या प्राध्यापक संघटनांना नोंदणी दिली. आणि ऑक्टोबरचा पगार आला तो फक्त कामाच्या दिवसांपुरता, साधारण निम्मा. कामगार-तंटा कायद्याचं ४३ वं कलम: काम नाही तर वेतन नाही.

इथे तुझ्या वाचकांना महाराष्ट्रातलं २०१३ आठवेल. ४ फेब्रुवारी ते १० मे असा आपल्या प्राध्यापकांचा परीक्षा-बहिष्कार, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं गाजलेला ७१ दिवसांच्या पगाराचा प्रश्न. दोन्हींतला फरक मात्र झाकू नकोस. आपल्याकडे परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता, तिथे सगळं कामच बंद होतं. नायजेरियातल्या प्राध्यापकांचा युक्तिवाद वेगळा आहे: काम रद्द झालं नाही, पुढे ढकललं गेलं. फेब्रुवारीत थांबलेलं सत्र ऑक्टोबरनंतर त्यांनीच शिकवलं, पेपर त्यांनीच तपासले, सुट्ट्या कापून वेळापत्रक जुळवलं. कारखान्यात न झालेलं उत्पादन कायमचं जातं, विद्यापीठात राहिलेलं सत्र पूर्ण करावंच लागतं. मला हा युक्तिवाद रास्त वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी अडवलेल्या पगारापैकी चार महिन्यांचा द्यायला मंजुरी दिली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं विद्यापीठांना त्या वेतनप्रणालीतून बाहेर काढायचं ठरवलं. वेतनप्रणालीबद्दल संघटना जे वर्षानुवर्षं सांगत होती, ते उशिरा का होईना मान्य झालं.

आता तुझ्या मसुद्यात अजिबात नसलेली गोष्ट, आणि मला सर्वात मोलाची वाटणारी. नायजेरियातल्या कुठल्याही सार्वजनिक विद्यापीठात गेलास तर इमारतींच्या दर्शनी भिंतीवर 'टेटफंड' अशी अक्षरं दिसतील. उच्च शिक्षणासाठीच्या सरकारी निधीचं हे नाव. ग्रंथालय, व्याख्यान-कक्ष, प्रयोगशाळा. हा पैसा आला कुठून? लष्करी राजवटीत संघटनेवर दोनदा बंदी आली, १९८८ मध्ये आणि १९९२ मध्ये. दुसऱ्या बंदीच्या वेळी तिचे अध्यक्ष होते अत्ताहिरू जेगा, ज्यांनी पुढे निवडणूक आयोगाचे प्रमुख म्हणून २०११ आणि २०१५ च्या निवडणुका घेतल्या. १९९२ च्या वाटाघाटींतून एक कल्पना निघाली आणि १९९३ मध्ये ती कायद्यात उतरली: कंपन्यांच्या करपात्र नफ्यावर २ टक्के शिक्षण-कर. तो करखातंच वसूल करत असे. २०११ पासून तो फक्त उच्च शिक्षणासाठी होता, आणि वाटणी विद्यापीठं, तंत्रनिकेतनं आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयं यांच्यात २:१:१. पुढे दर अडीच, मग ३ टक्के झाला. २००९ चा करार कागदावर राहिला आणि १९९२ ची कल्पना भिंती उभ्या करत राहिली, याचं कारण एकच. पहिल्यासाठी दर वर्षी कोणाच्या तरी मर्जीनं तरतूद व्हावी लागते, दुसरं कराच्या कायद्यात बसलेलं आहे.

त्यातही अडथळे आहेत. संस्थेनं प्रस्ताव द्यायचा, तत्त्वतः मान्यता घ्यायची, पहिला हप्ता उचलायचा, काम दाखवायचं, मग पुढचा हप्ता. मागच्या पैशाचा हिशोब दिला नाही की पुढचे अडकतात. मंजूर झालेली रक्कम वर्षानुवर्षं उचललीच नाही, असंही होतं. तिथे दोष सरकारचा नसतो, विद्यापीठाच्या कचेरीचा असतो, आणि संघटनेच्या स्थानिक शाखेनं पहिल्यांदा तिथेच बोट ठेवायला हवं.

या कराला २०२४ मध्ये धोका आला. नव्या कर-विधेयकांच्या मसुद्यात होतं की टेटफंडचा वाटा टप्प्याटप्प्यानं बदलत २०३० पासून शून्य करायचा आणि पैसा विद्यार्थी-कर्जाकडे वळवायचा. फी भरायला कर्ज मिळेल, पण ज्या वर्गात बसायचं तो बांधायला पैसा नसेल. या वेळी संप नव्हता. विधेयक संसदेत असतानाच आक्षेप घेतले गेले, लोक बोलले, आणि २०२५ मध्ये जो कायदा झाला त्यात ४ टक्के विकास-कर असून त्यातला निम्मा टेटफंडला आहे. एकही वर्ग बंद न पडता हे मिळालं. तुझ्या लेखात जुलैच्या मोर्च्यांना एक परिच्छेद असेल, तर याला दोन दे.

पाठिंबा देणाऱ्यानं नेमकं काय करावं, असं तू शेवटी विचारलंयस. पैशाचे तीन टप्पे वेगवेगळे विचारावेत: अर्थसंकल्पात तरतूद किती, प्रत्यक्ष वितरित किती, खर्च किती. मंत्र्यांच्या भाषणात पहिला आकडा असतो, अडतं दुसऱ्यावर. नायजेरियात २०११ पासून माहितीचा कायदा आहे आणि उत्तराची मुदत सात दिवस आहे, आपल्याकडे तीस. अर्जात 'विद्यापीठाला किती निधी मिळाला' असा मोघम प्रश्न टाकला तर उत्तरही मोघमच येतं. वर्ष, खर्चाचं शीर्षक, हप्त्याची तारीख आणि कोणत्या इमारतीसाठी, असं विचारावं. उत्तर आलं की ते त्या इमारतीच्या दारावर लावावं, म्हणजे पालक अर्धवट भिंत आणि पूर्ण खर्च शेजारी-शेजारी पाहतील. आणि हे काम हप्ता चुकला त्याच तिमाहीत सुरू करावं. चार वर्षांनी संप पुकारताना ते काढलं तर विद्यार्थ्याला त्याचा संबंध लागत नाही, त्याला फक्त कुलूप दिसतं.

२०१३ च्या समझोत्याचा तक्ता देणार असशील तर सहा ओळींचा दे: वर्ष, ठरलेली रक्कम, आणि तिसरा रकाना 'प्रत्यक्ष मिळालेली'. १,३०० अब्जांचा एकच आकडा देऊ नकोस, तो वाचून सगळे मिळाले असं वाटतं. दुरुस्त मसुदा पाठव, पुन्हा वाचतो.

तुझा,
मित्र