मास्क आहे, पण श्वास कडेनं जातो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तोंडाला फडकं बांधायला खानदेशाला कुणी शिकवायची गरज नाही. वैशाखात पारा ४३-४४ च्या पुढे सरकला की जळगाव-भुसावळकडचे दुचाकीवाले उपरणं नाहीतर स्कार्फ गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. जिनिंगमध्ये कापसाचा बारीक तंतू उडतो, नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर तिचा ठसका लागतो, तिथं काम करणाऱ्या बाया पदर नाकावरून घेऊनच बसतात. त्यामुळे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत मास्क आला तेव्हा आपल्या लोकांना तो लगेच अंगवळणी पडला. पण घोळ झाला तोही याच सवयीमुळे. उन्हाचा रुमाल आणि साथीचा मास्क यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. रुमालातून वारा खेळावा, घाम सुकावा म्हणून तो विरळ विणीचा असतो आणि सैल बांधतात. मास्कमध्ये आत-बाहेर जाणारा प्रत्येक श्वास कापडातूनच गेला पाहिजे, कडेनं एकही नाही. आपण मास्क विकत घेतला, पण बांधतो अजून रुमालासारखाच.

साथीत मास्क तपासणारी पथकं आणि दुकानदार तोंडावर काही आहे की नाही एवढंच बघायचे. "शे ना मास्क!" (अहिराणीत, आहे ना मास्क!) म्हटलं की विषय संपायचा. आमचं म्हणणं असं की मास्कची किंमत, रंग आणि थर यांच्या आधी त्याची बसण, म्हणजे तो चेहऱ्याला किती चिकटून बसतो ते, बघायला हवी. दोनशे रुपयांचा मास्क गालापाशी बोटभर उघडा राहिला तर श्वास सोपी वाट धरतो, म्हणजे त्या फटीतून जातो, आणि मधलं सगळं कापड नुसतं शोभेला उरतं.

बसण तपासायला काही लागत नाही. मास्क लावून जोरात श्वास आत ओढा. कापड किंचित आत खेचलं गेलं पाहिजे. खेचलं गेलं नाही तर हवा बाजूनं येते आहे. मग दोन्ही तळहात गालांजवळ, स्पर्श न करता धरा आणि फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. हाताला गार-गरम झुळूक लागली ती जागा गळकी. चष्मा असेल तर तो स्वतःच सांगतो. काचेवर वाफ धरते म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंना फट आहे. लोक यावर उपाय म्हणून मास्क नाकाच्या शेंड्यावर उतरवतात, चष्मा मात्र पुसत बसतात. खरा उपाय नाकाच्या तारेचा आहे. तार चिमटीत धरून टोकदार घडी पाडायची नाही. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मध्यावर ठेवून नाकाच्या हाडावरून गालाकडे दाबत न्यायची. ज्या मास्कला तार नाही तो चष्मेवाल्याच्या उपयोगाचा नाही.

आता कापडाविषयी. बचतगटांच्या बायकांनी आणि गल्लीतल्या शिंप्यांनी हजारो मास्क शिवले, त्यांचे उपकार आहेत. पण कापड निवडताना दोन चुका सर्रास झाल्या. पहिली चूक, कोरं कापड न धुता कापणं. कोऱ्या कापडाला खळ असते. उजेडात धरलं तर ते दाट दिसतं, पण पहिल्याच धुण्यात खळ निघून विणीतल्या फटी दिसू लागतात आणि कापड आटतं. बेतून शिवलेला मास्क मग नाक झाकतो तर हनुवटी सोडतो. म्हणून कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवायचं, मग कापायचं आणि उजेडातली परीक्षाही धुतल्यानंतरच घ्यायची. खिडकीसमोर धरल्यावर विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर ते कापड बाजूला ठेवावं. दुसरी चूक होजिअरीची. बनियनचं कापड मऊ म्हणून लोक निवडतात, पण चेहऱ्यावर ताणलं की त्याची भोकं मोठी होतात.

ब्लाउजचं टू बाय टू, पॉपलीन, केंब्रिक ही दाट विणीची आणि श्वास घेता येणारी कापडं. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये तीन थर सांगितले: आत पाणी शोषणारं सुती, बाहेर पाणी चटकन न पिणारं पॉलिस्टर किंवा मिश्र कापड आणि मध्ये पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड. आपल्या बाजारात याचा अर्थ आत टू बाय टू, बाहेर शर्टाचं हलकं टेरिकॉट आणि मध्ये दुकानात मिळते त्या न विणलेल्या पिशवीचा छपाई नसलेला कोरा तुकडा. हा मधला तुकडा शिवून टाकू नये, खिसा ठेवून सरकवावा, कारण इस्त्री लागली की तो वितळतो. थर तीनपेक्षा वाढवू नयेत. जीन्सचं कापड किंवा चार-पाच पदर घातले की श्वास कापडातून जाईनासा होतो आणि पुन्हा कडेची वाट धरतो. जाड मास्क म्हणजे सुरक्षित मास्क हा समज इथं उलटा पडतो.

मोठ्या माणसाचा चुणीदार मास्क शिवायचा तर ८ इंच रुंद, ७ इंच उंच तुकडे कापा. चारही बाजूंनी शिलाईत पाऊण-पाऊण सेंटिमीटर जाऊ द्या. वरच्या पट्टीत चार इंचांची तार घाला. बांधकामाची लोखंडी तार दोन धुण्यांत गंजते आणि नाकावर तांबडा डाग पाडते, म्हणून तांब्याची एकतारी वायर तिच्या प्लास्टिकसकट घ्यावी. दोन्ही टोकं गोल वळवावीत, म्हणजे ती कापडातून टोचत बाहेर येत नाहीत, आणि तार सरकू नये म्हणून टोकांपाशी आडव्या टिपा माराव्यात. मग अर्धा-अर्धा इंच खोलीच्या तीन चुण्या घाला. बाहेरच्या अंगानं चुण्यांची तोंडं खाली असावीत. वर तोंड असलेल्या चुणीत धूळ साठते. कडेची उंची सव्वातीन इंचांच्या आसपास उरली की मास्क हनुवटीखाली जाऊन बसतो. चेहरा मोठा असेल तर रुंदी अर्धा-पाऊण इंचानं वाढवा.

इलास्टिक की नाड्या, यात आमचं मत नाड्यांकडे झुकतं. आपल्या उन्हात रोज वाळवलेलं इलास्टिक थोड्याच दिवसांत ढिलं पडतं, लोक त्याला गाठ मारून चालवतात आणि बसण गेलेली असते. नाड्या डोक्यामागे बांधल्या की ताण कानावर न येता डोक्यावर येतो: वरची जोडी टाळूकडे, खालची मानेवर. दिवसभर मास्क लावणाऱ्या परिचारिकांचे, कंडक्टरांचे कान सोलून निघतात, त्यांच्यासाठी हे फार गरजेचं आहे. ज्येष्ठांचं कर्णयंत्र कानावरचं इलास्टिक काढताना ओढलं जाऊन पडतं, तेही टळतं.

घाम ही खानदेशातली सगळ्यात मोठी अडचण आहे आणि मुंबई-पुण्याच्या सूचनांत तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. भिजलेल्या कापडाची भोकं पाण्यानं बुजतात, श्वास जड होतो, माणूस नकळत मास्क खाली ओढतो. उन्हाचा रुमाल पाण्यात बुडवून बांधायची आपली रीत आहे. मास्कवर पाणी शिंपडू नका. ओला झाला की बदला, कोरडा राहिला तरी चार तासांनी बदला. बाजार समितीत, एसटीत, औषध दुकानात दिवस काढणाऱ्यानं तीन मास्क घेऊनच घरातून निघावं. धुतलेले एका डब्यात, वापरलेले दुसऱ्या कापडी पिशवीत. नोटा ठेवतो त्या खिशात मास्क ठेवू नये. हनुवटीवर ओढलेला मास्क मानेचा घाम, धूळ घेऊन पुन्हा नाकावर येतो. काढायचाच असेल तर नाडीला धरून पूर्ण काढावा, आतली बाजू आत घडी करून कागदात ठेवावा.

याबरोबर हेही सांगायला हवं की शेतात एकटा राबणाऱ्याला, आसपास कुणी नसताना, मास्कची गरज नाही. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन चढणाऱ्या हमालाला ओझं वाहताना मास्कची सक्ती करू नये. त्याला अंतर द्यावं, आणि ओझं टाकून घोळक्यात आला की त्यानं लावावा. रावेर-यावलकडे केळीच्या कापणीला जाणारी टोळी बागेत मोकळी असते. तिला धोका असतो तो टेम्पोच्या बंद केबिनमध्ये आणि भाकरीच्या वेळी. दिवसभर मास्क लावून जेवताना एकाच चादरीवर गोल करून बसलं, एकाच लोट्यानं पाणी प्यालं, गप्पा मारल्या तर त्या अर्ध्या तासात सगळं निसटतं. जेवण पाठीला पाठ करून किंवा सहा फुटांवर, बोलणं मास्क लावल्यावर. गाडीच्या काचा खाली. दुकानदार मंडळी गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही म्हणून किंवा फोन आला म्हणून मास्क उतरवतात, म्हणजे नेमका बोलतानाच. नुसत्या श्वासापेक्षा मोठ्यानं बोलताना तोंडातून तुषार जास्त उडतात, हे त्यांनी ध्यानात घ्यावं.

निळा तीनपदरी सर्जिकल मास्क घेताना त्यातला एक कापून बघा. आत पातळ पांढरा तिसरा थर नसेल तर तो गठ्ठा परत करा. बाहेरच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका, तो तसाच उभा राहिला पाहिजे. रस्त्यावर ढिगानं विकले जाणारे मास्क लोक तोंडाला लावून बघतात आणि पुन्हा ढिगात टाकतात. तिथून घेऊ नये. रंगीत बाजू बाहेर, तार वर. हा मास्क कापडाला चांगला पण बसणीला वाईट, गालांवर दोन्हीकडे तोंड उघडतो. त्यावर एक सोपी युक्ती आहे: मास्क लांबीला अर्धा दुमडा, दोन्ही कानपट्ट्यांना अगदी कडेला चिकटून एकेक गाठ मारा, आणि गाठीजवळ फुगलेलं कापड आत खोचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये या पद्धतीचे आणि सर्जिकलवर कापडी मास्क घालण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन्हींनी गळती चांगलीच कमी होते. दोन सर्जिकल एकावर एक घालून मात्र काही साधत नाही, फट तशीच राहते.

एन-९५, म्हणजे बारीक कण गाळणारा घट्ट बसणीचा मास्क, घेणाऱ्यांनी व्हॉल्व्हचा, म्हणजे समोर बटणासारखी झडप असलेला, घेऊ नये. त्या बटणातून बाहेर जाणारा श्वास न गाळता समोरच्यावर जातो. केंद्राच्या आरोग्य खात्यानं जुलै २०२० मध्ये राज्यांना तसं कळवलं होतं. एन-९५ धुऊ नका, सॅनिटायझर फवारू नका, उकळू नका. त्याचं गाळणं बरंचसं मधल्या थरावरच्या स्थिर विद्युतभारावर चालतं. साबण आणि अल्कोहोल तो भार घालवतात. वरून मास्क नवा दिसतो, आतून नुसता फडका उरतो. घरात रुग्णाची सेवा करणाऱ्याला रोज नवा परवडत नाही, त्यानं पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्या घ्याव्यात, पिशव्यांवर एक ते पाच आकडे लिहावेत, आणि रोज एक याप्रमाणे मास्क त्याच क्रमानं वापरावेत. पट्टा सैल पडला, तार मोडली, आत ओल धरली किंवा पाच वेळा वापरून झाला की टाकावा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास तो सुकत नाही. दाढी राखणाऱ्याच्या चेहऱ्यावर एन-९५ ची कड टेकत नाही, त्याला या खर्चाचा फायदा मिळत नाही.

कापडी मास्क रोज धुवा. साबण आणि गरम पाणी पुरतं, जंतुनाशकात भिजवायची गरज नाही. त्याच्या वासानं उलट खोकला येतो. नंतर आपलं ऊन आहेच, पाच तास तारेवर. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा कुकरमध्ये दहा-पंधरा मिनिटं उकळून पंख्याखाली वाळवा. मधला तुकडा आधी काढून हातानं धुवा. विटलेला, विरलेला मास्क पुन्हा खिडकीसमोर धरा. जुन्या सुती साडीसारखाच तोही झिजतो.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मास्क लावू नये. झोपताना कुणीच लावू नये.

वापरलेला सर्जिकल मास्क घंटागाडीत तसाच टाकू नका. मधोमध कापा, म्हणजे धुऊन पुन्हा विकला जाणार नाही, कागदात गुंडाळून ७२ तास वेगळा ठेवा, मग सुक्या कचऱ्यात द्या. तो कचरा हातानं निवडणारी माणसं आपल्याच गावची आहेत.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतील, घरोघरी माणसं वाढतील. त्याआधीच्या एखाद्या रविवारी पुरवणीच्या एका पानावर मास्कचा कागदी साचा पूर्ण मापात छापावा. साक्री-शिरपूरपासून अक्कलकुवा-धडगावपर्यंत जिथं अंक पोचतो तिथं तो कात्रीनं कापून थेट कापडावर ठेवता येईल. त्यावर चुण्यांच्या रेषा तुटक, तारेची जागा ठळक आणि दिशेचा बाण असावा. एका कडेला बरोबर दोन इंचांची रेघही छापावी. मोबाईलवर फोटो काढून पुढे पाठवला तर साचा लहान-मोठा होतो, टेपनं ती रेघ मोजली की शिवणाऱ्याला ते लगेच कळेल. आकृती शिंपीकाम जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावी. ते काम आम्ही आनंदानं करून देऊ.

आपले,
शिवणकाम, औषध दुकान आणि आरोग्य उपकेंद्रात काम करणारे काही वाचक,
चोपडा, जि. जळगाव