मेधा, तुझी यादी मला नामंजूर

नाशिक,
रविवार दुपार

प्रिय मेधा,

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही. पत्र आवडलं. यादी मात्र दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या आपल्या लाडक्या अंतराळ-मालिकेच्या १७८ भागांतून दहा उत्तम आणि पाच टाकाऊ निवडायचे, एवढंच तर ठरलं होतं. त्यात तू ‘डार्मॉक’ टाकाऊत घातलास! आणि ‘शेड्स ऑफ ग्रे’चं कुठे नावच नाही! सुहासने मध्ये लुडबुड केली असणार असा मला दाट संशय आहे; पण अक्षर तुझं आहे, तेव्हा जबाबही तुलाच द्यावा लागेल.

आधी तुझा पहिला नंबर. ‘द इनर लाइट’. हे येणार हे पाकीट फोडायच्या आधीच माहीत होतं. या मालिकेचे चाहते कुठेही जमले की पहिला मान याच भागाला मिळतो, आणि का मिळतो तेही मला कळतं. एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन पिकार्ड एका अनोळखी यानाच्या किरणाने पंचवीसेक मिनिटं बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात कटान नावाच्या ग्रहावर कामिन म्हणून आख्खा जन्म काढून येतो. बायको, दोन मुलं, नातू, वर्षानुवर्षं हटत नाही असा दुष्काळ. शेवटी कळतं की तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच संपलाय. आपली कुणालातरी आठवण राहावी म्हणून त्या लोकांनी ते यान सोडलं होतं. मुलाचं काम पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टच्या खऱ्या मुलानेच, डॅनियलने केलंय, हे कळल्यापासून तर मला तो भाग सरळ बसून बघताच येत नाही. जून १९९२ मध्ये तो लागला आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. टीव्ही मालिकेच्या भागाला हा पुरस्कार त्याआधी मिळाला होता तो १९६८ मध्ये, जुन्या स्टार ट्रेकच्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ला.

जाता जाता एक सांगते, सुहासला ऐकव. या भागाचं नाव बीटल्सच्या एका गाण्यावरून घेतलंय, जॉर्ज हॅरिसनच्या. त्या गाण्याचं वाद्यसंगीत १९६८च्या जानेवारीत आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं होतं आणि त्यात बासरी आहे ती हरिप्रसाद चौरसियांची. भागाच्या शेवटी पिकार्डच्या हातात काय उरतं? बासरीच. जुळून आलं म्हणायचं. पिकार्डची बासरी पुढे २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ४८ हजार डॉलरला गेली, आणि गंमत म्हणजे ती वाजतच नव्हती.

तर भाग चांगलाच आहे, वाद नाही. पण पहिला नंबर? अगं, त्याच्या पुढचा भाग आठव. चाळीस वर्षांचा संसार करून, बायकोला मूठमाती देऊन, नातवंडं खेळवून हा माणूस परत आलाय, आणि पुढच्या भागात गडी सॅन फ्रान्सिस्कोच्या गुहेत डेटाचं, त्याच्या जहाजावरच्या यंत्रमानव अधिकाऱ्याचं, मुंडकं सापडलं म्हणून तपासाला हजर! ना चेहऱ्यावर ओरखडा, ना बोलण्यात फरक. बासरी पुन्हा नीट दिसते ती थेट १९९३ मध्ये, ‘लेसन्स’मध्ये. प्रत्येक भाग सुटा दिसला पाहिजे ही त्या काळच्या टीव्हीची अट होती, हे मलाही ठाऊक आहे. पण मग ‘फॅमिली’ बघ. ‘बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’मध्ये बोर्गने, त्या अर्धयंत्र शत्रूंनी, पिकार्डला पळवून त्याचं यंत्र केलं, त्यानंतर लगेच आलेला भाग. ना लढाई, ना जहाजावरचं संकट; फ्रान्समधल्या गावी थोरल्या भावाशी चिखलात कुस्ती होते आणि हसता हसता पिकार्ड ढसाढसा रडायला लागतो. म्हणजे जमत होतं त्यांना, मनात आणलं तर. तुझ्या यादीत ‘फॅमिली’ नाही. ‘बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चे दोन्ही भाग आहेत, ज्यातला दुसरा पहिल्याच्या निम्म्यानेही नाही. पहिला भाग लिहिताना लेखक मायकेल पिलरलाच माहीत नव्हतं की पुढे काय करायचं, आणि दुसऱ्यात ते दिसतं.

आता ‘डार्मॉक’. बस जरा, इथे वेळ लागणार आहे.

तुझा आक्षेप तू झकास मांडलायस, तेवढं कबूल. हे टमारियन लोक फक्त आपल्या पुराणातल्या प्रसंगांची नावं घेऊन बोलतात; मग नट आवळायचा पाना मागायला यांच्याकडे कुठली कथा? आणि कथा सांगायला साधी भाषाच नसेल, तर पोरांना त्या कथा कळतात कशा? बाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडेच नाही. १९९१ पासून लोक यावर भांडतायत.

पण तू स्वतः याच पत्रात, दुसऱ्या पानावर, सासूबाईंबद्दल काय लिहिलंयस? ‘घर विकायचं का विचारलं, तर नरो वा कुंजरो वा.’ बस्स, पुढे एक अक्षर नाही. ज्याला अश्वत्थामा नावाचा हत्ती माहीत नाही, धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला ते माहीत नाही, त्याने त्या चार शब्दांतून काय घ्यायचं? मला मात्र सासूबाईंचा चेहरासुद्धा दिसला. आपण दिवसातून दहा वेळा असं बोलतो. कुणाचं पानिपत होतं, कुणी ध चा मा करतं, कुणाकडे द्रौपदीची थाळी असते. ‘डार्मॉक’च्या लेखकांनी हेच टोकाला नेलं. टोकाला नेल्यावर जरा फाटणारच, पण पहिल्यांदा बघताना मला तो ग्रह फार परका वाटला नाही, एवढं खरं.

आणि भाषा सोड, शेकोटी आठव. पिकार्ड आणि टमारियन कॅप्टन डेथॉन, दोघंच त्या ग्रहावर. रात्र आहे, डेथॉन जखमी होऊन पडलाय. सकाळी काय झालं? त्या न दिसणाऱ्या जनावराशी दोघं मिळून लढत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी एंटरप्राइजवरच्या शहाण्यांनी आपल्या कॅप्टनला वर खेचायचा प्रयत्न केला. पिकार्ड किरणात अडकून नुसता बघत राहिला आणि डेथॉन एकटा मार खात राहिला. वाचवायला गेले ते आणि जीव गेला याचा! आता तो मरणार हे दोघांनाही कळलंय. आणि डेथॉन काय मागतो? गोष्ट. पिकार्ड त्याला गिल्गमेश आणि एन्किडूची, मेसोपोटेमियातली जुनी कथा सांगतो, त्याच्याच पद्धतीने, तुटक तुटक. डेथॉन झालेल्या पॉल विनफिल्डच्या तोंडावर तो एवढा मोठा रबरी मुखवटा, फक्त डोळे मोकळे. कळ आली की मिटतात, गोष्ट पुढे सरकली की उघडतात. पिकार्ड मध्येच थांबतो तर हा हाताने खुणावतो, पुढे सांग. एवढं अख्ख्या ‘इनर लाइट’मध्ये मला कुठे मिळालं नाही. तिथे पिकार्डच्या डोक्यात परस्पर एक जन्म ओतलाय, त्याला विचारलं कुणी? इथे दोन माणसं मरमर करून एकमेकांपर्यंत पोचतात.

हे झालं उत्तमचं. टाकाऊ भागांवर खरं तर मला जास्त बोलायचंय.

‘सब रोझा’ तू शेवटच्या नंबरावर टाकलास. टाकतातच सगळे. आजीच्या मयताला गेलेली जहाजावरची डॉक्टर बेव्हर्ली क्रशर, आजीची रोजनिशी वाचते तर त्यात आजीचा तरुण प्रियकर; मग तोच भूत होऊन नातीच्या मागे लागतो आणि राहतो कुठे तर मेणबत्तीत. दुसऱ्या ग्रहावर हुबेहूब स्कॉटलंड वसवलेलं, धुकं, विजा, आणि शेवटी आजीचं प्रेत पेटीतून उठून बसतं! काय बोलावं? पण मेधा, खरं सांग, या भागाला आपण जेवढ्या हसलोय तेवढ्या कुठल्या विनोदी मालिकेला हसलोय? जोनाथन फ्रेक्सने, म्हणजे आपल्या उपकॅप्टन रायकरने, तो दिग्दर्शित केलाय आणि बेव्हर्ली झालेल्या गेट्स मॅकफॅडनने त्यात जीव ओतलाय, कुठेही अंग चोरलेलं नाही. फसलाय, साफ फसलाय. पण काहीतरी करायला जाऊन फसलाय. माझ्या टाकाऊ यादीत तो पहिल्या पाचांत येणार नाही. वाटल्यास माझी आवड बिघडलीय म्हण.

‘शेड्स ऑफ ग्रे’मध्ये मात्र कुणी काही करायलाच गेलेलं नाही. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, जुलै १९८९. रायकरच्या पायाला विषारी वेल लागते, तो झोपतो, त्याच्या डोक्यात सुया खुपसून डॉक्टर पुलास्की त्याच्या जुन्या आठवणी जाग्या करते, आणि आपण आधीच्या दोन सीझनचे तुकडे बघत बसतो. चांगल्या आठवणींनी रोग वाढतो, वाईट आठवणींनी हटतो, हे त्यांचं वैद्यकशास्त्र. कारणं माहीत आहेत मला. १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला, सीझन २६ ऐवजी २२ भागांचाच निघाला, आधीच्या काही भागांवर पैसा जास्त गेला होता, म्हणून तीन दिवसांत उरकलं. तरी वर्षाचा शेवट म्हणून लोकांपुढे हे ठेवायचं? शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याला निदान फोडणी तरी असते. आणि बिचाऱ्या पुलास्कीचा हा शेवटचा भाग! एवढी चांगली नटी, डायना मलडॉर, तिला निरोपाचं एक वाक्यही नाही.

त्याहून वाईट एकच, ‘कोड ऑफ ऑनर’. हा तू चौथ्या नंबरावर ठेवलायस, मी शेवटी ठेवते. तो बघताना हसू येत नाही, जांभई येत नाही, लाज वाटते. भविष्यातली सुधारलेली माणसं एका ग्रहावर जातात, तिथले सगळे कृष्णवर्णीय, झगमगीत कपड्यांतले, आणि त्यांचा मुख्य जहाजाची सुरक्षा अधिकारी, गोरी टाशा यार पसंत पडली म्हणून तिला पळवून नेतो. १९८७ मध्ये! ज्या मालिकेच्या आधीच्या अवताराने १९६६ मध्ये उहुराला, एका कृष्णवर्णीय बाईला, अधिकारी म्हणून जहाजाच्या नियंत्रण कक्षात बसवलं होतं, तिच्या नावावर हे. चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शकाला काढलं होतं, आणि मालिकेतल्या नटांनीच पुढे या भागाला जाहीरपणे नावं ठेवली. दिसायला तो ‘सब रोझा’पेक्षा बरा आहे, म्हणून लोक सोडून देतात. मी नाही सोडत.

आणि आता माझा पहिला नंबर, जो तुझ्या यादीत सातवा आहे. ‘द मेझर ऑफ अ मॅन’. लागला कधी? फेब्रुवारी १९८९, म्हणजे ‘शेड्स ऑफ ग्रे’च्या त्याच सीझनमध्ये, पाच महिने आधी. तोच संप, तीच ओढाताण, तोच सेट. फरक एवढाच की मेलिंडा स्नॉडग्रास नावाच्या बाईंनी, ज्या आधी वकिली करत होत्या, आपणहून एक पटकथा लिहून पाठवली होती. एक खोली, एक न्यायाधीश, एक प्रश्न : डेटा हा स्टारफ्लीटचा, त्यांच्या अंतराळ दलाचा, अधिकारी की स्टारफ्लीटची मालमत्ता? अंतराळात एकही लढाई नाही.

सगळे लोक गायननचा, जहाजावरचा बार चालवणाऱ्या बाईचा, प्रसंग सांगतात, तिने गुलामगिरीकडे बोट दाखवलेला. तो आहेच. माझा आवडता मात्र त्याआधीचा आहे, एक शब्दही नसलेला. माणसं कमी म्हणून रायकरला डेटाच्या विरुद्ध खटला चालवायला लावलंय. मनापासून लढला नाहीस तर डेटा हरला असं समजू, ही अट. तो रात्री एकटा पडद्यावर डेटाचे आराखडे चाळतोय. एकाएकी त्याला हवं ते सापडतं, डेटा बंद करायची कळ. चेहरा उजळतो, जिंकण्याचा आनंद, अगदी पोरासारखा. आणि दुसऱ्या क्षणाला आपण काय जिंकतोय हे लक्षात येऊन तोच चेहरा उतरतो. दोन-तीन सेकंदांचं काम आहे. फ्रेक्सला नुसता दाढीवाला देखणा म्हणणाऱ्यांनी हे बघावं. सुहासनेसुद्धा.

बाकी तुझ्या यादीतलं ‘येस्टर्डेज एंटरप्राइज’ मान्य. ‘कॉज अँड इफेक्ट’ मान्य, जहाज फुटण्यापासून सुरुवात करायची हिंमत पाहिजे. क्यूचे, त्या सर्वशक्तिमान खोडकराचे, तीन भाग घेतलेस, एक पुरे होता.

काम एक आहे. आमची ईशा अकरावीत गेली, परीक्षा संपल्यापासून मागे लागलीय, मालिका कुठून बघू. तू म्हणशील पहिल्या भागापासून, क्रमाने, शिस्तीत. तसं केलं तर आठवडाभरात ‘कोड ऑफ ऑनर’ समोर येईल आणि पोरगी उठून जाईल. मी काल तिला थेट ‘मेझर ऑफ अ मॅन’ लावून दिला. संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, पण डेटाला स्वतःला काय वाटत होतं ते कुणीच नीट विचारलं नाही ना?’ मी म्हटलं, बस, आता तू आमच्यातली. पुढच्या शनिवारी दुसरा भाग लावायचाय. ‘डार्मॉक’ लावू की ‘फॅमिली’, ते शुक्रवारपर्यंत कळव. फोन केलास तरी चालेल, पण मग सुहासला बाहेर पाठव.

तुझी,
नंदा

ता. क. सासूबाईंच्या घराचं पुढे काय झालं, तेही लिही. यादीच्या नादात तेवढंच अर्धवट सोडलंयस.