पैसे वर्षभराचे घेतले, पूर्ण सामने मात्र एप्रिलमध्येच काढून टाकले

दिनांक: १९ मे २०२५
पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बेसबॉलच्या वार्षिक पॅकेजमधून पूर्ण सामन्यांची रेकॉर्डिंग आणि मायनर लीगचे सामने मुदतीच्या मध्येच बंद केल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी आपल्या ॲपचा वार्षिक वर्गणीदार आहे. मार्चमध्ये मोसम सुरू होण्याआधी पॅकेज घेतलं, तेव्हा जाहिरातीत तीन गोष्टींचं आश्वासन होतं: सामने थेट दिसतील, झालेले सामने पहिल्या पिचपासून (म्हणजे पिचरने, गोलंदाजाने, टाकलेल्या चेंडूपासून) शेवटच्या पिचपर्यंत केव्हाही पाहता येतील, आणि मायनर लीगचे, म्हणजे मुख्य संघांच्या हाताखालच्या तरुण संघांचे, निवडक सामनेही मिळतील. एप्रिल संपता संपता यातल्या शेवटच्या दोन गोष्टी ॲपवरून गेल्या. ना ईमेल, ना मेसेज. आता झालेल्या सामन्यावर बोट ठेवलं की ‘ठळक क्षण’ नावाची काही मिनिटांची चित्रफीत तेवढी उघडते. आपल्या ग्राहक सेवेकडे विचारणा केल्यावर उत्तर आलं की महत्त्वाचं सगळं त्यात असतंच. ते नसतं, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमधला माझा संघ शिकागो व्हाइट सॉक्स. नोकरीनिमित्त शिकागोत असताना, २००५ साली, या संघाने ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकलेली मी पाहिली. त्याआधीच्या फेरीत एंजल्स संघाविरुद्ध आमच्या ब्यूर्ली, गारलंड, गार्सिया आणि कॉन्ट्रेरास या चौघांनी लागोपाठच्या चार सामन्यांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने पिचिंग केलं. बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, कुणाला बोलवावं लागलं नाही. तेव्हापासून बेसबॉल म्हणजे माझ्यासाठी आधी पिचिंग, मग बाकी सगळं.

गेल्या वर्षी हाच संघ १२१ सामने हरला. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा नकोसा विक्रम मोडला गेला. यंदाही सुरुवात रडतखडत झाली आहे आणि आम्ही पुन्हा तळाला आहोत. शिकागोतले जुने मित्र आणि पुण्यात परतलेले आम्ही काहीजण, आमच्यात रोज वाद झडतात. एकाचं म्हणणं, गॅरेट क्रोशेला डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या संघाला देऊन टाकलं तिथेच घात झाला. ज्याने वर्षात १४६ इनिंगमध्ये (डावांत) २०९ स्ट्राइकआऊट काढले, म्हणजे इतक्या फलंदाजांना चेंडू टोलवूच न देता बाद केलं, तो पिचर कुणी सोडतं का? दुसरा २०१६ ची आठवण काढतो. तेव्हाही डिसेंबरच होता, बॉस्टनच होतं, आणि गेला होता आमचा पिचर ख्रिस सेल. त्या बदल्यात नव्या दमाचे खेळाडू आले, पण बांधणी काही टिकली नाही. माझं मत वेगळं आहे. हरणाऱ्या संघाकडे हार-जीत बघून काहीच कळत नाही, तरुण पिचर एकेक फलंदाज कसा बाद करतात ते बघावं लागतं. आणि नेमकं तेच तुम्ही काढून घेतलं आहे.

उदाहरण देतो. मोसमाचा पहिला सामना २७ मार्चला एंजल्सविरुद्ध झाला आणि आम्ही तो ८-१ असा जिंकला. आमचा पिचर शॉन बर्क याने सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पाहिलं आणि तृप्त झालो. तोच सामना आता आपल्या ‘ठळक क्षणां’त बघा. आमच्या बेनिनटेंडी, स्लेटर आणि सोसाचे होमरन आहेत, तेही दोन-दोनदा. बर्क येतो दोन स्ट्राइकआऊटपुरता, तिथेही फक्त शेवटचा पिच. आधीच्या चार-पाच पिचांवर त्याने फलंदाजाला कसं खेळवलं, फास्टबॉल वर ठेवून मग चेंडू खाली कसा वळवला, यातलं काहीही नाही. पुढे एप्रिलमध्ये याच बर्कला धावा पडल्या. का पडल्या, हा आमच्यातला सगळ्यात मोठा वाद, आणि तो मिटवायला लागणारे पिच कुठेच दिसत नाहीत.

आमच्या दुसऱ्या पिचरचं, शेन स्मिथचंही तसंच. हा मुलगा ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणीही न घेतलेला. मिलवॉकी संघाच्या मायनर लीगमधून ‘रूल फाइव्ह’खाली, म्हणजे दुसऱ्या संघाचा मायनर लीगमधला खेळाडू घेता येतो त्या नियमाने, आमच्याकडे आला. नियमानुसार त्याला वर्षभर मुख्य संघात ठेवावं लागतं, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करावं लागतं. त्याचा चेंजअप (वेगवान भासवून हळू टाकलेला चेंडू) तिसऱ्यांदा समोर आलेल्या फलंदाजालाही चकवतो का, हे मला पाहायचं असतं. ते कळतं पाचव्या-सहाव्या इनिंगमध्ये, आणि आपली चित्रफीत तिथे पोचतच नाही.

मायनर लीगचं दुःख याहून मोठं. नोहा शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ, दोघे डावखुरे पिचर, दोघेही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेले, २०२५ चा मोसम सुरू झाला तेव्हा अलाबामातल्या बर्मिंगहॅम या आमच्या मायनर लीग संघात होते. व्हाइट सॉक्सचं जे काही भविष्य आहे ते तेव्हा अलाबामात होतं. हे पॅकेज मी घेतलं तेच मुळात या दोघांसाठी.

थेट बघा, असंही सुचवण्यात आलं. शिकागोतला संध्याकाळचा ६.४० चा सामना आपल्याकडे पहाटे ५.१० ला सुरू होतो. सुट्टीच्या दिवशी मी आनंदाने उठतो. कामाच्या दिवशी सातच्या बसला निघणाऱ्या माणसाला ते जमत नाही. शिवाय सामना उघडण्याआधीच चित्रावर अंतिम गुणसंख्या छापलेली असते, तीही कृपया झाकावी.

माझ्या मागण्या अशा: पूर्ण सामन्यांची रेकॉर्डिंग आणि मायनर लीगचे सामने पूर्ववत सुरू करावेत, आणि एप्रिलपासूनचे राहिलेले सामनेही उपलब्ध करून द्यावेत. ते शक्य नसेल तर उरलेल्या मुदतीची रक्कम परत करावी. पुढच्या वर्षाचं कूपन मला नको.

पैसे घेऊन कबूल केलेली सेवा मध्येच कमी करणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करेन. पैसे भरल्याची पावती आणि मार्चमधल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपला,
एक वर्गणीदार
(ग्राहक क्रमांक पावतीवर आहे)